"मराठी दिसत नाही" एवढ्यावर उत्तर का येत नाही, आणि तांत्रिक प्रश्न कसा मांडावा

तुमची अडचण थोडक्यात अशी: गावांच्या नावांची एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आहे. एक्सेलमध्ये उघडली की मराठी नीट दिसत नाही. पाइथॉन या प्रोग्रामिंग भाषेतून वाचायला गेलं तर कधी चालतं, कधी एरर येतो. दोन-तीन ठिकाणी तुम्ही "मराठी दिसत नाही, अर्जंट मदत करा" असं लिहिलंत आणि कामाचं उत्तर कुठूनच आलं नाही. आता तुम्ही विचारताय, की तांत्रिक प्रश्न विचारायचा तरी कसा. तुमचीच फाइल उदाहरणाला घेतो. प्रश्न मांडताना जे जे चुकतं ते बहुतेक सगळं या एका तक्रारीत सापडतं.

उत्तर आलं नाही याचं कारण लोकांची अनिच्छा नाही. "मराठी दिसत नाही" या वाक्यामागे किमान सहा वेगवेगळे बिघाड असू शकतात. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि चुकीचा उपाय केला तर फाइल कायमची खराब होऊ शकते. ज्याला विषय कळतो त्याला हे माहीत असतं, म्हणून तो अंदाजाने बोलायला कचरतो. ज्याला कळत नाही तो "फॉन्ट टाकून बघा" म्हणून मोकळा होतो.

दिसत नाही, म्हणजे काय दिसतं?

"मराठी" हाच शब्द घ्या. वाचताना त्यात तीन अक्षरं आहेत. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबात मात्र पाच चिन्हं होतात: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. ती चिन्हं फाइलमध्ये बाइट म्हणून लिहिण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे फाइलमध्ये या शब्दाचे १५ बाइट असतात. पाच आणि पंधरा हे आकडे लक्षात ठेवा, कारण बिघडलेल्या शब्दात किती चिन्हं दिसतात हे मोजलं तरी निम्मं निदान होतं.

पहिला प्रकार: अक्षरांच्या जागी रिकामे चौकोनी ठोकळे. फाइल ठणठणीत आहे, फक्त त्या प्रोग्रामला देवनागरीचा फॉन्ट मिळालेला नाही. "फॉन्ट टाका" हा सल्ला फक्त इथे खरा.

दुसरा प्रकार: एका शब्दाच्या जागी विचित्र युरोपीय चिन्हांची माळ. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, मग चार कोपऱ्यांना चार काड्या असलेलं गोल चलनचिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. "मराठी" शब्दात ही तिसरी चिन्हं ओळीने अशी येतात: गोलातला आर, अंशाचं चिन्ह, पाऊणचा अपूर्णांक, एक मोकळी जागा आणि शेवटी युरो. शेवटच्या वेलांटीपाशी चलनचिन्हाऐवजी जपानी येनचं चिन्ह असतं. एकूण चिन्हं १५. म्हणजे यूटीएफ-८ मधली फाइल विंडोजच्या जुन्या १२५२ या कोडपेजने (एका बाइटला एक अक्षर देणाऱ्या युरोपीय तक्त्याने) वाचली गेली आणि प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र अक्षर समजलं गेलं. इथेही मूळ फाइल शाबूत असते, मात्र ती या अवस्थेत सेव्ह करायची नाही.

तिसरा प्रकार: नुसती प्रश्नचिन्हं. "मराठी"ची पाच. हा सगळ्यांत वाईट, कारण माहिती गेलेली आहे. कुठल्या तरी टप्प्यावर मजकूर अशा कोडपेजमध्ये बदलला गेला ज्यात देवनागरीला जागाच नाही, आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. फॉन्ट बदला, प्रोग्राम बदला, प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्हच राहणार. एक्सेलमधून साध्या "सीएसव्ही कॉमा डिलिमिटेड" प्रकारात सेव्ह केलं की नेमकं हे होतं. "सीएसव्ही यूटीएफ-८" हा प्रकार त्याच यादीत वेगळा दिलेला असतो. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये मराठी मजकुराच्या अवतरणाआधी मोठा एन लिहायचा राहिला तरी हाच परिणाम होतो. उपाय एकच: आधीच्या टप्प्यावरची मूळ प्रत शोधणं.

चौथा प्रकार: काळ्या हिऱ्याच्या आकारातलं पांढरं प्रश्नचिन्ह. हे साध्या प्रश्नचिन्हापेक्षा वेगळं आहे, आणि "प्रश्नचिन्हं येतात" एवढंच लिहिलं तर समोरच्याला दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही. याचा अर्थ, वाचणारा प्रोग्राम यूटीएफ-८ची अपेक्षा करतोय आणि बाइट त्या नियमात बसत नाहीत. फाइल वेगळ्या एन्कोडिंगमधली असते, किंवा एखाद्या अक्षराचे तीन बाइट मधूनच कापले गेलेले असतात. ठरावीक बाइटवर मजकूर तोडणाऱ्या प्रोग्राममध्ये ओळीच्या अगदी शेवटी असा हिरा दिसतो.

पाचवा प्रकार: चक्क इंग्रजी अक्षरं. ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच अक्षरं दिसली तर तो कृतिदेव फॉन्टमधला "मराठी" शब्द आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरच. त्याचा चेहरा तेवढा मराठी असतो. डीटीपीकडून आलेल्या मजकुरात हे आजही सर्रास आढळतं. इथे एन्कोडिंगशी झटून काही होत नाही. कुठला फॉन्ट होता ते शोधून त्याच फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. म्हणून प्रश्नात फॉन्टचं पूर्ण नाव, पुढच्या आकड्यासकट हवं.

सहावा प्रकार: अक्षरं मराठीच, पण मोडलेली. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात, कुठे ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पहिल्या दोन खुणा जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये किंवा पीडीएफ तयार करणाऱ्या लायब्ररीत दिसल्या तर माहिती सहसा बरोबर असते. अक्षरं जुळवणारा भाग त्या प्रोग्राममध्ये नाही किंवा बंद आहे. ठिपक्यांचं वर्तुळ मात्र बहुधा वेलांटी किंवा मात्रा आधारच्या अक्षराशिवाय टाइप झाल्याची खूण असते.

सहा बिघाड आणि सहा उपाय. त्यांतला तुमचा कुठला, हे कळायला एक वाक्य पुरतं: "मराठी या शब्दाच्या जागी मला अमुक दिसतं." ते वाक्य तुमच्या एकाही प्रश्नात नव्हतं.

जे पाहिलं ते, आणि जे वाटलं ते

प्रश्न लिहिताना माणूस नकळत स्वतःचं निदान लिहितो. "फाइल करप्ट झालीय, दुरुस्त कशी करू?" करप्ट हे निदान झालं, लक्षण वेगळं काहीतरी असणार. निदान बरोबर असतं तर प्रश्न विचारायची वेळच आली नसती. स्वतःचा अंदाज सांगायला हरकत नाही, पण तो शेवटी आणि "मला वाटतं" असं म्हणून लिहा. आधी पाहिलेलं लिहा.

आपल्या बोलण्यातले काही शब्द इथे फार घोटाळा करतात. "हँग झालं" याचे तीन तरी अर्थ आहेत: माउस हलतो पण खिडकी प्रतिसाद देत नाही; सगळं चालतं पण फार हळू; किंवा प्रोग्राम आपोआप बंद होतो. "ओपन होत नाही" म्हणजे डबल-क्लिक केल्यावर काहीच होत नाही, की खिडकी उघडून लगेच मिटते, की एरर येतो? "उडालं" म्हणजे डिलीट झालं की बंद पडलं? "चालत नाही" तर सगळ्यालाच लागू पडतं. यांतला शब्द लिहिलात की लगेच पुढे लिहा, "म्हणजे..." आणि स्क्रीनवर घडलेलं जसंच्या तसं उतरवा.

घटनेचा क्रमही लिहा. "एक्सेलमध्ये उघडली" म्हणजे फाइलवर डबल-क्लिक केलं की एक्सेलच्या डेटा टॅबमधून आयात केली? हा फरक निर्णायक आहे. डबल-क्लिक केल्यावर एक्सेल सहसा विंडोजच्या जुन्या कोडपेजने सीएसव्ही वाचतं, फाइलच्या सुरुवातीला बॉम नावाची तीन बाइटची खूण असेल तरच यूटीएफ-८ ओळखतं. डेटा टॅबमधल्या "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही" मधून गेलात तर "फाइल ओरिजिन" मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडता येतं आणि तीच फाइल स्वच्छ दिसते.

कधी चालतं, कधी नाही

तुमच्या प्रश्नातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा होता आणि तुम्ही तो अर्ध्या वाक्यात उरकलात. "कधी कधी" हा शब्द दिसला की अनुभवी माणूस थांबतो, कारण संगणक लहर आली म्हणून वागत नाही. दोन वेळांमध्ये काहीतरी बदललेलं असतं. ते काय बदललं हे शोधायचं काम फक्त तुम्हीच करू शकता, कारण फाइल तुमच्याकडे आहे.

अशा वेळी लोक लिहितात, "१०० ओळींची फाइल चालते, ४,००० ओळींची बंद पडते, म्हणजे फाइल मोठी झाली की पाइथॉनला झेपत नाही." हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, पण वाचणारा त्या वाटेने गेला तर दोन दिवस मेमरीच्या गप्पा चालतील. त्याऐवजी फाइलची प्रत करून ती निम्मी करत जा. पहिल्या २,००० ओळी ठेवा, चालवून बघा. एरर आला तर त्यांतल्या १,००० घ्या. नाही आला तर उरलेल्या २,००० मध्ये शोधा. ४,००० ओळींपासून एका ओळीवर यायला जास्तीत जास्त १२ फेऱ्या लागतात, म्हणजे फार तर अर्ध्या तासाचं काम. निम्म्या करताना शीर्षकाची पहिली ओळ प्रत्येक तुकड्यात ठेवायला विसरू नका, नाहीतर वेगळाच एरर येईल आणि तुम्ही भलत्याच मागे लागाल. आणि एक्सेलमध्ये तुकडे करू नका. तिथे सेव्ह करताना एन्कोडिंग बदलतं. नोटपॅड वापरा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे फाइलचं एन्कोडिंग लिहिलेलं दिसतं, तेही प्रश्नात नोंदवा.

पडद्यावर शेवटची छापली गेलेली ओळ पाहून "याच्या पुढची ओळ दोषी" असंही ठरवू नका. पाइथॉन फाइल काही हजार बाइटच्या घासांनी वाचतो, त्यामुळे दोषी ओळ बरीच पुढे असली तरी एरर आधीच येऊ शकतो.

असं निम्मं करत गेलं की शेवटी हाती काय लागतं पाहा. सातारा, नाशिक, नागपूर, सांगली, लातूर, बीड ही नावं असलेली फाइल एररशिवाय वाचली जाते, मजकूर मात्र युरोपीय चिन्हांचा येतो. तिच्यात पुणे, धुळे, मुंबई, कोल्हापूर किंवा रत्नागिरी यांतलं एकही नाव घातलं की एरर. याचं कारण चोख आहे. विंडोजच्या १२५२ कोडपेजमध्ये २५६ घरं आहेत, त्यांतली पाच रिकामी: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. पहिल्या उकाराचा तिसरा बाइट १२९ असतो. जोडाक्षरात पाय मोडायच्या चिन्हाचा १४१, ए-चा १४३, ऐ-चा १४४ आणि झ-चा १५७. पाइथॉनला एन्कोडिंग सांगितलं नव्हतं म्हणून त्याने १२५२ गृहीत धरलं, आणि रिकाम्या घरातला बाइट आला की तो अडून बसतो. साताऱ्यात असा बाइट नाही, पुण्याच्या उकारात आहे. एररमध्ये "चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट" याच्या पुढे जो आकडा येतो, म्हणजे झीरो एक्स ८१ किंवा झीरो एक्स ८डी, तो याच बाइटचा षोडशमान, म्हणजे १६ च्या पायावर लिहिलेला, आकडा. तो आकडा प्रश्नात असता तर जाणकाराने एका मिनिटात सांगितलं असतं, की फाइल उघडतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा.

फाइलची लांबी याला कारण नव्हतीच. पहिलं "पुणे" १०० व्या ओळीनंतर आलं, एवढंच.

एरर मजकूर म्हणून द्या, आणि अख्खा द्या

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यावर ट्यूबलाइटची चमक, आणि अर्धा एरर चौकटीबाहेर: अशा प्रश्नांना उत्तर देणं खरोखर जिवावर येतं. एररचा मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो. फोटोतून तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि टाइप करताना आकडा चुकला तर निदान चुकतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये माउसने मजकूर निवडून एंटर दाबलं की कॉपी होतं.

पाइथॉनचा एरर खालून वर वाचतात. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो, तिच्या वर कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत ती घडली ते असतं. लोक बहुतेकदा पहिली ओळच चिकटवतात, आणि त्या ओळीत "ट्रेसबॅक" या शब्दापलीकडे काहीच नसतं. सगळा चिकटवा.

एररचं मराठीत भाषांतर करू नका. प्रश्न खुशाल मराठीत विचारा, स्वच्छ मराठी मोडक्या इंग्रजीपेक्षा केव्हाही बरं. पण एरर, बटणांची नावं आणि मेन्यू स्क्रीनवर आहेत तसेच ठेवा. "अक्षर नकाशा उलगडता येत नाही" असं लिहिलं तर जगात कुणालाच तो एरर ओळखता येणार नाही.

स्क्रीनशॉट लागतोच अशीही प्रकरणं आहेत: ठोकळे, मोडलेली वेलांटी, ठिपक्यांचं वर्तुळ. जिथे बिघाड दिसण्याचाच आहे तिथे चित्र द्या, आणि सोबत तोच शब्द मजकूर म्हणूनही द्या. चित्रात मोडलेला आणि मजकुरात बरोबर दिसला तर माहिती शाबूत आहे हे तिथेच सिद्ध होतं.

एन्कोडिंगच्या प्रश्नात आणखी एक खाचखळगा आहे. फाइलमधल्या ओळी कॉपी करून प्रश्नात चिकटवल्या की मूळ बाइट हरवतात. चिकटवताना मजकूर नव्याने लिहिला जातो. तुम्हाला वाटतं नमुना दिला, समोरच्याकडे मात्र तो बिनतक्रार चालतो. म्हणून दोन-तीन ओळींची मूळ फाइलच झिप करून द्या. फाइल देता येत नसेल तर पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहायच्या खिडकीत फॉरमॅट-हेक्स ही आज्ञा त्या छोट्या फाइलवर चालवून तिचं उत्तर चिकटवा. त्यात प्रत्येक बाइट दिसतो, आणि सुरुवातीला बॉम आहे की नाही तेही कळतं. बॉम असेल आणि पाइथॉनमध्ये नुसतं यूटीएफ-८ लिहिलं असेल, तर पहिल्या रकान्याच्या नावाआधी एक अदृश्य चिन्ह चिकटतं आणि "गाव" नावाचा रकाना समोर दिसत असूनही सापडत नाही. त्यासाठी एन्कोडिंगच्या नावापुढे डॅश देऊन सिग लिहावं लागतं.

आवृत्त्या, आणि काय काय करून पाहिलं

"लेटेस्ट आहे" ही आवृत्ती नव्हे. विंडोजची आवृत्ती: विंडोज बटण आणि आर एकत्र दाबून विनव्हर लिहा. एक्सेलची: फाइल, मग अकाउंट, मग अबाउट एक्सेल. पाइथॉनची: कमांड प्रॉम्प्टवर पाइथॉन लिहून पुढे दोन डॅश आणि व्हर्जन. एक मिनिट लागतं. तोच प्रोग्राम दुसरीकडे चालत असेल तर तेही सांगा. "मित्राच्या मॅकवर हीच फाइल, हाच प्रोग्राम चालतो" ही फार मोलाची माहिती आहे, कारण मॅक आणि लिनक्सवर पाइथॉन सहसा यूटीएफ-८ च गृहीत धरतो.

"सगळं करून बघितलं" यातून काहीच कळत नाही. प्रत्येक प्रयत्न आणि त्याचा परिणाम अशी जोडी लिहा. यामागे वेळ वाचवण्यापेक्षा मोठं कारण आहे: तुमच्याच एखाद्या प्रयत्नाने फाइल बिघडलेली असू शकते. उदाहरणार्थ, एरर घालवायला कुणीतरी "एरर्स इग्नोर" हा पर्याय सुचवतं. एरर जातो खरा, पण रिकाम्या घरांतले बाइट गाळले जातात, आणि तो मजकूर पुन्हा सेव्ह केला की पुण्याचा उकार कायमचा गेला. युरोपीय चिन्हं दिसत असताना फाइल यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केली तर बिघाडावर बिघाड चढतो. मग "मराठी" शब्दाचे १५ बाइट राहत नाहीत, दुपटीहून जास्त होतात. असं काही केलं असेल तर न संकोचता लिहा. त्यावरून उलट कुठून सुरुवात करायची ते कळतं. आणि कुठलाही प्रयोग करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

खरं काम काय आहे तेही सांगा. "एक्सेलमध्ये तिरकी रेघवाला ए आणि चलनचिन्ह शोधून त्याजागी म कसा घालायचा?" असा प्रश्न आला तर त्या प्रश्नाचं उत्तर देता येईल, पण ते देऊ नये. चिन्हं साठ-सत्तर आहेत, ठ-चा तिसरा बाइट मोकळ्या जागेसारखा दिसतो आणि जागा साफ करताना पुसला जातो. "मला ही फाइल एक्सेलमध्ये मराठीत वाचायची आहे" असं एक वाक्य असतं तर आयात करण्याचा सरळ मार्ग सांगता आला असता.

फाइल देण्याआधी

यादीत माणसांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक, बँकेचे तपशील असतील तर ते काढा. प्रोग्राममध्ये पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरायची गुप्त किल्ली) असेल तर तीही. चुकून गेलीच तर नुसतं पुसून भागत नाही. ती की लगेच बदला, कारण तोवर कुणी उतरवून घेतली असेल तर तुम्हाला कळणार नाही. मात्र नावं बदलताना पुण्याच्या जागी सातारा लिहिलंत तर एररच नाहीसा होईल. म्हणून बदल केल्यावर नमुना पुन्हा चालवून बघा आणि तोच एरर, त्याच बाइटसह येतो याची खात्री करूनच पाठवा.

तुमचाच प्रश्न, नीट मांडलेला

शीर्षक: विंडोज ११, पाइथॉन ३.११: मराठी सीएसव्ही वाचताना "चारमॅप" एरर, बाइट झीरो एक्स ८१, फक्त काही गावांच्या नावांवर

मजकूर: "गावांच्या नावांची सीएसव्ही फाइल पाइथॉनने वाचून तालुक्यानुसार मोजायची आहे. नोटपॅडमध्ये फाइल नीट दिसते, खालच्या पट्टीत यूटीएफ-८ लिहिलंय. ओपन फंक्शनला फक्त फाइलचं नाव दिलंय, बाकी काही नाही. फाइल निम्मी करत दोन ओळींवर आणली. 'सातारा' असलेली ओळ एकटी ठेवली तर एररशिवाय वाचली जाते, पण युरोपीय चिन्हं छापली जातात. 'पुणे' असलेली ओळ फाइलमध्ये असली की खालील एरर येतो. अपेक्षा होती की दोन्ही नावं मराठीत छापली जातील. पूर्ण एरर, प्रोग्राम आणि दोन ओळींची मूळ फाइल सोबत आहे. एरर्स इग्नोर लावून पाहिलं: एरर गेला, चिन्हं तशीच राहिली, फाइल सेव्ह केलेली नाही. हीच फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली तरी तशीच चिन्हं दिसतात. मला वाटतं एन्कोडिंगचा प्रश्न आहे, पण एकच नाव का अडतं ते कळत नाही."

दहा-बारा वाक्यं. यात "सर", "अर्जंट", "प्लीज प्लीज" कुठे नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. साधा नमस्कार आणि शेवटी धन्यवाद पुरे. मुदत खरोखर जवळ असेल तर ती तारीख लिहा. शीर्षक सगळ्यांत शेवटी लिहावं. प्रश्न पूर्ण लिहून झाला की त्यातला नेमका शब्द कुठला हे आपोआप कळतं. अनेकदा एवढं लिहिता लिहिताच उत्तर सापडतं.

एका वेळी एकच गोष्ट विचारा. पाइथॉनचा एरर आणि छपाईला पाठवलेल्या पत्रिकेतली मोडलेली वेलांटी हे दोन प्रश्न आहेत, दोन्ही मराठीचे असले तरी. "कुणाला पाइथॉन येतं का?" असं विचारून वाट बघत बसू नका, ज्याला येतं तोही पुढे काय येणार हे माहीत नसताना हात वर करत नाही. कॉलेजची असाइनमेंट असेल तर तसं सांगा, मग उत्तर देणारा तयार प्रोग्राम देण्याऐवजी वाट दाखवेल.

प्रश्न गेल्यावर पहिला तासभर जवळपास राहा. कुणी "नोटपॅडमध्ये कसं दिसतं?" असं विचारलं तर ते तुमची परीक्षा घेत नाहीत, सहापैकी तीन शक्यता त्या एका उत्तराने बाद होतात. उत्तर गप्पांच्या ओघात देऊ नका, मूळ प्रश्नातच भर घाला, म्हणजे उशिरा येणाऱ्याला सगळी चर्चा वाचावी लागत नाही. सुचवलेलं करून पाहिलं आणि जमलं नाही तर "नाही झालं" एवढ्यावर थांबू नका. आता कुठला एरर आला ते लिहा. एरर बदलला असेल तर बहुतेक वेळा एक पायरी पुढे सरकलेलं असतं.

आणि काम झालं की कशाने झालं ते लिहा, प्रश्न पुसू नका. "ओपनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिल्यावर पुणे आणि सातारा दोन्ही बरोबर छापले गेले, एक्सेलसाठी नोटपॅडमधून यूटीएफ-८ विथ बॉम म्हणून सेव्ह केली, आता डबल-क्लिकनेही मराठी दिसतं." धुळ्याच्या किंवा कोल्हापूरच्या यादीवर अडलेल्या पुढच्या माणसाला तेवढ्या दोन ओळींनी भागतं.